सोलरचं राहू द्या, ती पॉलिसी बाहेर काढा

प्रश्न : इंदूरला रामबागेतल्या वाड्यात आम्ही पाच बिऱ्हाडं भाड्यानं राहतो. माझं बिल ११० युनिटचं, दोनशे रुपयांच्या आत. ओळखीतले एकजण सामुदायिक सोलरमध्ये घरटी २५,००० चा हिस्सा देतात. बिल निम्मं होईल, चार वर्षांत पैसे वसूल, म्हणतात. सगळ्यांचे पैसे मी गोळा करायचे आहेत. माझ्या हिश्श्यासाठी मुलीच्या (वय ७) पॉलिसीवर कर्ज काढू का? तीही त्यांनीच दिली. वर्षाला १८,००० भरतो, तीन हप्ते झाले, १५ वर्षांनी साडेतीन लाख मिळतील. यजमान (३६) रिक्षा चालवतात. त्यांचा विमा नाही.

उत्तर : ताई, कर्ज काढू नका आणि शेजाऱ्यांचा एक रुपयाही हातात घेऊ नका. उद्या पैसे बुडाले तर ते तुमच्याच दाराशी येतील.

दोनशेचे निम्मे शंभर, वर्षाचे बाराशे. २५,००० वसूल व्हायला वीस वर्षं, कर्जाचं व्याज वेगळं. तुमचं बिल आधीच हलकं आहे, कारण महिन्याला १५० युनिटच्या आत राहणाऱ्यांना गृह ज्योती योजनेत पहिले १०० युनिट १०० रुपयांत मिळतात. त्यात सोलर आणखी वाचवणार काय? महापालिकेच्या जलूदच्या सौर प्रकल्पाचं नाव कुणी घेतलं तरी भुलू नका. २०२३ मध्ये २४४ कोटींचे रोखे काढले ते नर्मदेचं पाणी उपसण्याच्या विजेसाठी. त्यातून कुणाचं घरचं बिल उतरत नाही.

घरच्या छपरावर सोलर बसवण्याची केंद्र सरकारची सूर्यघर योजना मात्र खरी आहे. ३ किलोवॅटला ७८,००० अनुदान, तेही पॅनल बसल्यावर थेट ग्राहकाच्या खात्यात. पण त्यासाठी छप्पर हवं. वाड्याच्या मालकांना सुचवा. पाण्याची मोटर त्यांच्या घरगुती मीटरवर असेल, तर तुमच्यात वाटलं जाणारं तिचं बिल उतरेल. गुंतवणूक त्यांची, तुमची नाही.

आता तुम्ही न विचारलेलं. कमावणारा माणूस दिवसभर रस्त्यावर, आणि विमा सात वर्षांच्या मुलीचा! हे विकणाऱ्याचा मला राग येतो. यजमानांना काही झालं तर त्या पॉलिसीतून एक पैसा येणार नाही, उलट पुढचा हप्ता कुठून भरायचा हा प्रश्न उरू शकतो. परतावाही बघा : २ लाख ७० हजार भरून साडेतीन लाख, म्हणजे जेमतेम सव्वातीन टक्के. हेच १८,००० सुकन्या समृद्धी या मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी सव्वापाच लाखांच्या वर जातात. व्याजदर बदलतो हे धरूनही फरक मोठा आहे.

विमा कंपनीकडून लेखी घ्या : आज मोडली तर किती, हप्ते थांबवून पेड-अप (म्हणजे कमी रकमेवर तशीच चालू) ठेवली तर किती. ते ५४,००० गेले म्हणून आणखी बारा हप्ते घालू नका. वाचलेल्या पैशांतून आधी यजमानांचा साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा), उरलेलं सुकन्येत.

तोपर्यंत याच आठवड्यात यजमानांना त्यांच्या बँकेत पाठवा. तिथे दोन सरकारी विमा योजना मिळतात, वर्षाचा हप्ता असा : जीवन ज्योती ४३६ रुपयांत २ लाख, सुरक्षा विमा २० रुपयांत अपघाताचे आणखी २ लाख. दोन्ही फॉर्मवर वारस म्हणून तुमचं नाव घाला, आणि दर मे महिन्याच्या अखेरीस खात्यात ४५६ रुपये शिल्लक असू द्या.