शेड्यूल-वनवरची नावं आधी दुरुस्त करा, मग अनुदान मागा

पवनी तालुक्यातल्या एका गावातून एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांचं चार पानी पत्र आलं आहे. सोबत शेड्यूल-वनच्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीच्या, नकलेचा फोटो आणि एका मुलाच्या वहीच्या पानाचा फोटो. ते एका छोट्या संस्थेचे सचिव आहेत. संस्था २००४ साली भंडाऱ्याच्या धर्मादाय कार्यालयात नोंदलेली. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर येणाऱ्या जपान, थायलंड, श्रीलंकेच्या पाहुण्यांपैकी काही जण पुढे पवनीचा स्तूप पाहायला येतात. त्यांना गावात उतरवून घ्यायचं, मुलांशी त्यांची गाठ घालून द्यायची, संध्याकाळी मुलांना जपानी अक्षरं आणि पाली शिकवायची, हे काम संस्था दहा-बारा वर्षं करते आहे. आता त्यांना वाचनालयासह एक सभागृह बांधायचं आहे आणि दरवर्षी आशियाई देशांच्या संस्कृतीवर दोन दिवसांचा मेळावा घ्यायचा आहे. त्यासाठी सरकारी अनुदान हवं आहे, पण स्वयंसेवी संस्थांसाठीच्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंदणीच अडली आहे. नागपूरचा एक मध्यस्थ 'विदेश मैत्री योजने'तून पंचवीस लाख आणून देतो म्हणतो. दहा टक्के त्याचे, त्यातले पन्नास हजार आधी. शिवाय गेल्या वर्षी येऊन गेलेल्या एका जपानी पाहुण्याने वाचनालयासाठी पाठवलेले १,८०,००० रुपये गुरुजींच्या स्वतःच्या बचत खात्यात पडून आहेत.

गुरुजी, जय भीम.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि वहीचं पान त्याहून जास्त वेळा पाहिलं. वर देवनागरीत 'आरिगातो गोझाइमास', खाली चौकटीत गिरवलेली हिरागाना अक्षरं, आणि एका अक्षराची चुकलेली रेघ लाल शाईने नीट केलेली. ती शाई तुमचीच असणार. काम खरं आहे, यात शंका नाही. म्हणूनच ते कागदावर कच्चं राहू नये असं मला मनापासून वाटतं.

मध्यस्थाला पन्नास हजार देऊ नका. आंतरराष्ट्रीय मैत्रीसाठी केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची एक योजना आहे हे खरं, पण तिचं अनुदान परदेशात काम करणाऱ्या भारत-मैत्री संस्थांना, त्या त्या देशातल्या भारतीय दूतावासामार्फत जातं. पवनी तालुक्यातली संस्था त्यात बसतच नाही. दुसरं म्हणजे, अनुदानातला एक रुपयाही कमिशन म्हणून खर्ची दाखवता येत नाही. मग ते दहा टक्के कुठून देणार? खोट्या बिलांतून. त्या बिलांवर सही तुमची असेल, त्याची नाही. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. त्याने कुणा अधिकाऱ्याचं नाव घेऊन पैसे मागितले असतील, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक लिहून ठेवा.

आता मूळ दुखण्याकडे येतो. तुम्ही पाठवलेल्या नकलेवर सात विश्वस्त आहेत. तुमच्याच पत्राप्रमाणे त्यातले तिघे वारले, एक जण पुण्याला मुलाकडे गेले ते परतले नाहीत, आणि आज प्रत्यक्षात राबणाऱ्या पाच जणांपैकी तिघांची नावं नकलेवर नाहीतच. २००९ नंतर एकही चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची धर्मादाय कार्यालयाला द्यायची माहिती, दाखल नाही. अनुदान मंजूर होतं ते कागदावरच्या संस्थेला, आणि तुमची संस्था कागदावर २००९ मध्येच थांबली आहे. दर्पणवर पदाधिकाऱ्यांची नावं आणि पॅन क्रमांक द्यावे लागतात. तुम्ही आजच्या अध्यक्षांचं नाव टाकता आणि पुरावा म्हणून जुन्या लोकांची नक्कल जोडता. मग गाडी अडणारच. दर्पणचा क्रमांक नसेल तर केंद्राच्या कुठल्याही मंत्रालयाकडे स्वयंसेवी संस्थेचा अर्ज पुढे सरकत नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्तांत झालेला प्रत्येक बदल ९० दिवसांत कळवायचा असतो. तुमची मुदत कधीच गेली. घाबरण्याचं कारण नाही, विलंब माफीचा अर्ज सोबत देता येतो. मात्र सगळे बदल एकाच अर्जात कोंबू नका. ज्या क्रमाने माणसं गेली आणि ज्या क्रमाने नवी आली, त्याच क्रमाने एकेक रिपोर्ट करा. प्रत्येकाला मृत्यूचा दाखला किंवा राजीनामा, सभेची नोटीस, ती सभासदांना पोचल्याचा पुरावा, ठरावाची प्रत आणि नव्या विश्वस्ताचं संमतीपत्र लागेल. पुण्याला गेलेल्या काकांकडून साधा, तारखेसह सही केलेला राजीनामा मागवा. ते हयात असताना त्यांची जागा 'रिकामी झाली' एवढं लिहून भागत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण हा मोह अनेक संस्थांना पडतो. जुन्या तारखांच्या सभा आज बसून लिहू नका. २०११ ची सभा झालीच नसेल तर तिचं इतिवृत्त निर्माण होऊ शकत नाही. तीच शाई, तेच हस्ताक्षर आणि मयत माणसाची सही दिसली की विलंबाचं साधं प्रकरण फौजदारी होऊन बसतं. आज हयात असलेल्या सभासदांची कायदेशीर सभा बोलवा आणि आजच निवडणूक घ्या. संस्थेच्या घटनेतली गणसंख्या भरत नसेल, तर कलम ४१अ खाली निर्देश मागता येतात आणि विश्वस्तच उरले नसतील तर कलम ४७ खाली नेमणूक मागता येते. तुमचे मूळचे चौदा सभासद हयात आहेत असं तुम्ही लिहिता. तेवढे असतील तर सभेनेच काम होईल. धानाची कापणी संपली की ठेवा ही सभा, म्हणजे माणसं येतील.

चेंज रिपोर्टइतकंच उद्देशांचं कलमही महत्त्वाचं आहे. तुमच्या घटनेत 'वाचनालय चालवणे, वृक्षारोपण करणे, समाजोपयोगी कामे करणे' एवढंच आहे. आशियाई देशांशी सांस्कृतिक देवाणघेवाण, बौद्ध वारशाचा अभ्यास, भाषाशिक्षण यांचा उल्लेख नाही. छाननी करणारा अधिकारी पहिल्यांदा उद्देशच वाचतो. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० च्या कलम १२ प्रमाणे उद्देश बदलता येतात, पण त्यासाठी दोन विशेष सभा लागतात. पहिल्या सभेच्या दहा दिवस आधी प्रस्ताव लेखी पाठवायचा, तीन पंचमांश मतांनी मंजूर करायचा, आणि एक महिन्याच्या अंतराने दुसऱ्या सभेत तितक्याच मतांनी कायम करायचा. एका सभेत उरकलेला बदल टिकत नाही. निवडणुकीची सभा आणि यातली पहिली सभा एकाच दिवशी ठेवता येईल, फक्त नोटिशीत दोन्ही विषय वेगळे लिहा.

आता ते १,८०,००० रुपये. सगळ्यात जास्त काळजी मला याची वाटते. पाहुण्याचं मन निर्मळ आहे, तुमचंही आहे. पण परदेशी नागरिकाने संस्थेच्या कामासाठी दिलेला पैसा म्हणजे परकीय अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० खालचं 'परकीय अंशदान'. तो रुपयात आला, येनमध्ये आला की पाकिटातून आला, याने फरक पडत नाही. संस्थेची या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय तो घेता येत नाही. घ्यायचा तो फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यात. हा नियम २०२० च्या दुरुस्तीने आला. दिल्लीला जावं लागत नाही, जवळच्या स्टेट बँकेतून कागद जातात. पण तुमच्या बचत खात्यात वाचनालयाचा पैसा राहणं कुठल्याच बाजूने बरोबर नाही. भेट तुम्हाला व्यक्तिशः मिळाली असंही म्हणता येणार नाही, कारण पाहुण्याच्या निरोपात 'तोशोकानसाठी', म्हणजे वाचनालयासाठी, असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

म्हणून त्यातला एकही रुपया खर्च करू नका. पुस्तकं, कपाट, काहीही नाही. संस्थेच्या खात्यातही वळवू नका. आणि कुणाच्या सल्ल्याने गुपचूप रोखीने परतही करू नका. निरोप, बँकेचा संदेश, पासबुक जपून ठेवा. याच परकीय अंशदान कायद्याच्या कलम ४१ मध्ये दंड भरून असं प्रकरण मिटवण्याची सोय आहे. आपण होऊन गृह मंत्रालयाला कळवणाऱ्याची बाजू, पकडला गेलेल्यापेक्षा नक्कीच बरी असते. तो अर्ज आपण मिळून करू. पाहुण्यांनाही एक साधं पत्र लिहा, की परवानगी येईपर्यंत काही पाठवू नका. जपानी माणूस नियमाचं कारण समजून घेतो, तुम्ही संकोचू नका.

पुढच्या वेळेसाठी रस्ता असा. या कायद्याखालच्या नियमित नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत मुख्य कामावर १५ लाख खर्च झालेला हवा. तुमचा वर्षाचा खर्च लाखाच्या आतबाहेर आहे, त्यामुळे ते आज शक्य नाही. पूर्वपरवानगी मात्र एका ठरावीक देणगीदाराकडून, ठरावीक रकमेसाठी मागता येते. त्याला देणगीदाराचं वचनपत्र आणि प्रकल्पाचा आराखडा लागतो. यातला एक भेद गावातल्या सगळ्यांना सांगा. आपल्या गावचा मुलगा टोकियोत नोकरीला आहे, पासपोर्ट भारतीय आहे, आणि त्याने पगारातून दिलं तर ते परकीय अंशदान नाही. तोच तिथला नागरिक झाला, तर आहे.

आणि पाहुणे मुक्कामाला राहतात तेव्हा २४ तासांत परदेशी पाहुण्यांच्या नोंदीचा, फॉर्म सी म्हणून ओळखला जाणारा, फॉर्म भरता ना? तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. ऑनलाइन भरता येतो, सुरुवातीला पवनी ठाण्यात जाऊन विचारून घ्या. पर्यटन व्हिसावर आलेल्या माणसाला महिनाभर वर्ग घ्यायला बसवू नका.

हे सगळं झालं की अनुदानाचं दार उघडं आहे. तुमच्या कामाला बसतील अशा केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या दोन योजना आहेत. मेळावा, परिसंवाद, प्रदर्शन यासाठी कला संस्कृती विकास योजनेतलं कार्यक्रम अनुदान. ते साधारणपणे ५ लाखांपर्यंत असतं. दुसरी बौद्ध व तिबेटी कला-संस्कृतीच्या विकासाची योजना. तीत ग्रंथखरेदी, शिक्षकांचं मानधन, वर्ग यांसारख्या बाबी येतात. पहिल्या वर्षी फक्त मेळाव्याचा अर्ज करा. सभागृहाचं घाईत काढू नका, कारण ती जागा अजून ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या नोंदीत तुमच्या भावाच्या नावावर आहे. बांधकामाला जागा संस्थेच्या नावे नोंदणीकृत बक्षीसपत्राने किंवा दीर्घ भाडेपट्ट्याने हवी. भाऊ खुशीने देत असले तरी तोंडी शब्दावर सरकार भिंत बांधून देत नाही. खासदार निधीतून मागण्याचा विचार लिहिला आहे, पण प्रार्थनास्थळाच्या कामाला तो निधी चालत नाही. तेव्हा सभागृह आणि विहार यांचे नकाशे, खाती, नावं पहिल्यापासून वेगळी ठेवा.

प्रस्तावाची टिपणी मात्र तुम्ही स्वतः लिहा, टायपिस्टाकडून तयार मसुदा घेऊ नका. छाननीला बसलेल्या माणसाला कळलं पाहिजे की आशियाशी नातं जोडायला हेच गाव का. पवनीचं उत्खनन १९६९-७० मध्ये झालं, हे लिहा. बाबासाहेबांना १९५६ साली नागपुरात दीक्षा देणारे महास्थविर चंद्रमणी ब्रह्मदेशचे होते, हे लिहा. जपानी भिक्खू फुजी गुरुजी १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले आणि त्यांचा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत आला, हे लिहा. आणि १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात कोटणीसांबरोबर आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर होते, हे तर जरूर लिहा. इकडच्या पोरांनाही ते नाव माहीत नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. मग त्या खाली वहीचं ते पान जोडा.

पैसे आल्यानंतरचं थोडक्यात. अनुदानासाठी वेगळं खातं ठेवा. त्यावर जे व्याज पडेल ते संस्थेचं नसतं, ते सरकारला परत करायचं असतं. माझ्या ओळखीची एक संस्था या एका गोष्टीवर दोन वर्षं अडकली. चार लाखांचं काम चोख झालं, व्याजाचे काही हजार जुन्याच खात्यात राहिले आणि पुढचा हप्ता थांबला. आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे युटिलायझेशन सर्टिफिकेट, नमुना १२-अ मध्ये द्यायचं. तुमच्या संस्थेचे ऑडिट रिपोर्ट कुठल्या सालापर्यंत दाखल आहेत ते पत्रात नाही. मागच्या तीन वर्षांचे तरी लागतील, आणि आयकर विभागाकडची धर्मादाय संस्थेची नोंदणीही. ते काम भंडाऱ्यातल्या सीएकडे या आठवड्यातच सोपवा, कारण ते सभांची वाट पाहत नाही.

येताना संस्थेच्या घटनेची मूळ प्रत, सभासद नोंदवही, तिघांचे मृत्यूचे दाखले आणि प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांच्या इतिवृत्तांची वही, आणा, पानं फाटली असली तरी जशी आहेत तशी. आणि तुमचं पासबुक. त्या १,८०,००० च्या नोंदीपासूनच सुरुवात करू.