इंग्लंडच्या ढालीवर सिंह की बिबटे?

प्रश्न असा आला आहे: मध्ययुगातल्या युद्धांवरची एक इंग्रजी कादंबरी मराठीत आणताना एका फ्रेंच सरदाराच्या तोंडी इंग्लंडच्या राजाचे ‘तीन लेपर्ड’ आले. इंग्लंडच्या क्रिकेटपटूंच्या टोपीवर तर तीन सिंह दिसतात. मग लेखकाची चूक झाली आहे का? आणि मराठीत ‘बिबटे’ लिहावे की ‘सिंह’?

लेखकाची चूक नाही. टोपीवरचे सिंह आणि सरदाराचे लेपर्ड एकच. कुलचिन्हांच्या जुन्या फ्रेंच परिभाषेत ‘लेपर्ड’ हे ठिपकेवाल्या जनावराचे नाव नव्हते. सिंहाच्या एका विशिष्ट ठेवणीला तो शब्द होता.

हे समजायला या परिभाषेची रीत थोडी पाहावी लागते. युरोपात ढालीवर वंशाचे ठरलेले चिन्ह रंगवण्याची चाल बाराव्या शतकात रुजली. आंजूचा सरदार जॉफ्री 1151 मध्ये वारला. त्याच्या कबरीसाठी केलेला मिनाकामाचा पत्रा फ्रान्समधल्या ल मां इथे आजही आहे. त्यावर जॉफ्रीच्या हातात निळी ढाल आहे आणि तिच्यावर सोनेरी सिंह आहेत. त्याचा नातू विल्यम लाँगेस्पे 1226 मध्ये वारला. सॉल्झबरीच्या कॅथीड्रलमध्ये त्याची दगडी मूर्ती आहे, आणि तिच्या ढालीवरही तसेच सिंह कोरलेले आहेत. चिन्ह आजोबांकडून नातवाकडे गेल्याचा हा अगदी सुरुवातीचा पुरावा.

चिन्हे वाढली तशी ती नोंदवणारे, ओळखणारे लोक तयार झाले. ते हेराल्ड. त्यांनी प्रत्येक ढालीचे नेमक्या शब्दांत वर्णन करण्याची पद्धत बसवली, तिला ब्लेझन म्हणतात. आधी ढालीचा रंग, मग त्यावरची आकृती, मग तिची ठेवण, शेवटी नख्या-जिभेचा रंग. इंग्लंडच्या राजाची ढाल मराठीत सांगायची तर अशी: लाल ढालीवर एकाखाली एक तीन सोनेरी सिंह, चालणारे, तोंड आपल्याकडे वळवलेले, नख्या आणि जीभ निळी. (ते पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला चाललेले दिसतात. ही ढालीची उजवी बाजू, कारण उजवे-डावे ढाल धरणाऱ्याच्या अंगाने मोजतात. भाषांतरात इथे हमखास घोटाळा होतो.) चित्रकाराने सिंह जाड काढला की सडपातळ, आयाळ किती कुरळी केली, याला महत्त्व नाही. वर्णनातला शब्द पाळला की चिन्ह बरोबर. या शास्त्रात शब्द मुख्य आणि चित्र त्याच्या मागून येते, म्हणूनच मला त्याची इतकी ओढ आहे.

आता मूळ मुद्दा. फ्रेंच हेराल्डांच्या लेखी ‘लियाँ’ म्हणजे मागच्या पायांवर उभा राहून पंजे उगारलेला आणि एका बाजूने दिसणारा सिंह. एकच डोळा दिसायचा. तोच प्राणी चालत असेल आणि त्याने पूर्ण तोंड पाहणाऱ्याकडे वळवले असेल, तर तो ‘लेओपार’. अंगावर ठिपका एकही नाही, आयाळही सिंहाचीच. अधल्यामधल्या ठेवणींनाही त्यांनी नावे दिली. चालणारा पण तोंड न वळवलेला तो ‘लियाँ लेओपार्दे’, म्हणजे लेपर्डपणा आलेला सिंह. उभा ठाकलेला पण आपल्याकडे पाहणारा तो ‘लेओपार लियोने’, म्हणजे सिंहपणा आलेला लेपर्ड.

आपल्या वाचकाला हे विचित्र वाटायचे कारण नाही. विष्णूच्या चोवीस मूर्तींत शंख, चक्र, गदा, पद्म ही आयुधे तीच असतात. ती कोणत्या हातात कशी आहेत यावरून केशव, नारायण, माधव ही नावे ठरतात. इथेही नाव ठेवणीला आहे.

इंग्लंडच्या पहिल्या रिचर्ड राजाच्या 1198 च्या राजमुद्रेवर तीन चालणारे, तोंड वळवलेले सिंह आले आणि तेच पुढे इंग्लंडचे चिन्ह म्हणून टिकले. त्या काळी इंग्रज दरबाराची भाषाही फ्रेंचच होती, त्यामुळे तिथेही त्यांना लेपर्ड म्हणत. यात हिणवण्याचा भाग नव्हता. 1300 साली पहिल्या एडवर्डने स्कॉटलंडमधल्या कार्लाव्हेरॉक किल्ल्याला वेढा घातला. त्यावर रचलेले एक फ्रेंच काव्य एडवर्डच्याच बाजूचे आहे. राजाच्या निशाणावर लाल रंगात अस्सल सोन्याचे तीन लेपर्ड, धावणारे, उग्र आणि क्रूर, असे त्यात अभिमानाने म्हटले आहे. त्याच वर्षीच्या एडवर्डच्या कायद्याने शुद्ध चांदीवर ‘लेपर्डच्या डोक्या’चा छाप सक्तीचा केला. लंडनच्या परीक्षणगृहाचा छाप आजही त्याच नावाने ओळखला जातो, आणि तो नीट पाहिला तर समोरून दिसणारे सिंहाचे तोंड आहे. तिसऱ्या एडवर्डने 1344 मध्ये पाडलेल्या एका सोन्याच्या नाण्याचे नावही लेपर्ड. त्यावर मुकुट घातलेला, निशाण पांघरलेला सिंह आहे.

शब्द मात्र एकाच अर्थाला बांधून राहत नाही. 1235 मध्ये सम्राट दुसरा फ्रेडरिक याने इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीला भेट पाठवली. ती होती तीन जिवंत बिबट्यांची, खऱ्या ठिपकेवाल्या. मॅथ्यू पॅरिस हा तेव्हाचा बखरकार सांगतो की राजाच्या ढालीवर तीन लेपर्ड म्हणून ही भेट. ढालीवरच्या ठेवणीचे नाव अशा रीतीने हाडामांसाचे होऊन लंडनला पोचले.

दुसरा फाटा कडवट आहे. मध्ययुगीन प्राणिकथांत सिंहीण आणि ‘पार्ड’ नावाचे हिंस्र जनावर यांच्या व्यभिचारातून लेपर्ड जन्मतो अशी समजूत होती. लॅटिन नावातच ‘लिओ’ आणि ‘पार्डस’ जोडलेले आहेत. अशा कुळकथेमुळे लेपर्डला सिंहाचा मान नव्हता, आणि शत्रूला हे शस्त्र आयते मिळाले. इंग्रज हेराल्डांनी हा शब्द हळूहळू सोडला आणि ‘लायन पॅसंट गार्डंट’, म्हणजे चालणारा, तोंड वळवलेला सिंह, असे लांबलचक पण निःसंदिग्ध वर्णन स्वीकारले. फ्रेंचांनी जुना शब्द ठेवला. 1808 मध्ये स्पेनच्या स्वारीवर निघताना नेपोलियन इंग्रज सैन्याला लेपर्डच म्हणत होता. फ्रान्समधल्या नॉर्मंडी प्रांताच्या लाल झेंड्यावरच्या दोन सोनेरी प्राण्यांना आजही लेओपार म्हणतात. स्कॉटलंडचा लाल सिंह पंजे उगारून उभा आहे, त्यामुळे तो दोन्ही भाषांत सिंहच राहिला.

कुलचिन्हांतल्या प्राण्याचे नाव ऐकून लगेच जंगलातला प्राणी डोळ्यांसमोर आणू नये. इंग्रज ढालींवरचा जुना ‘टायगर’ आपला वाघ नव्हेच. अंग लांडग्यासारखे, शेपूट सिंहाची, नाकावर खाली वळलेला सुळा, आणि पट्टे नाहीत. वाघ न पाहिलेल्या लोकांनी पुस्तकी वर्णनावरून तो रचला. पुढे हिंदुस्थानातला खरा वाघ माहीत झाला, तेव्हा टायगर हे नाव आधीच गुंतलेले होते. म्हणून आपल्या पट्टेरी वाघाला त्या शास्त्रात ‘बेंगॉल टायगर’ म्हणावे लागते.

आता मराठीचे. या चिन्हांना ‘कुलचिन्ह’ किंवा राजाचे असेल तर ‘राजचिन्ह’ हे शब्द चांगले आहेत. ‘देवक’ हा शब्द मोहात पाडतो, पण वापरू नये. देवक लग्नकार्यात पुजतात, त्याला कुळाचा धर्म आणि सोयरिकीचे नियम जोडलेले आहेत. ढालीवर मिरवण्याशी त्याचा संबंध नाही. लेपर्डसाठी ‘चित्ता’ तर कोणत्याच अर्थाने बसत नाही.

निवेदनात सरळ ‘सिंह’ लिहा, कारण वाचकाच्या डोळ्यांसमोर तेच यायला हवेत. फ्रेंच सरदाराच्या संवादात मात्र ‘बिबटे’ ठेवा. तो शत्रूच्या निशाणाबद्दल बोलतो आहे, ‘सिंह’ घातले तर त्याच्या बोलण्यातली धार जाईल. पहिल्यांदा शब्द येईल तिथेच निवेदनात एखादे वाक्य घाला: ‘इंग्रजांच्या निशाणावरच्या, तोंड वळवून चालणाऱ्या त्या सिंहांना फ्रेंच लोक बिबटे म्हणत.’ तळटीप लागणार नाही, आणि पुढे पुस्तकभर सरदाराला त्याचा शब्द वापरता येईल.