‘हँड-स्टिच्ड’मधली आडवी रेघ

प्रश्न असा आहे: कोल्हापुरात चप्पल लाइनीतल्या दुकानासाठी इंग्रजी लेबल छापायचंय. ‘हँड स्टिच्ड’ आणि ‘व्हेजिटेबल टॅन्ड लेदर’ यांत मधे आडवी रेघ (हायफन) द्यायची का?

द्यायची, पण विशेषण नामाच्या आधी असेल तेव्हा. ‘हँड-स्टिच्ड चप्पल’, ‘व्हेजिटेबल-टॅन्ड लेदर’. तेच ‘द लेदर इज व्हेजिटेबल टॅन्ड’ असं नामाच्या मागं गेलं, की रेघ बहुतेक वेळा गळते.

मराठीत आपण ‘हातशिलाईची’ असं जोडूनच लिहितो, त्यामुळं घोटाळा होत नाही. इंग्रजीत शब्द सुटे राहतात आणि कोण कुणाला चिकटलंय ते रेघेवरून कळतं. शंका आली तर मधला शब्द बोटानं झाका. ‘व्हेजिटेबल लेदर’ उरलं? ते तर झाडपाल्याचं, म्हणजे हल्लीचं ‘व्हेगन’ झालं! आपल्या कापशी चपलेचं कातडं जनावराचंच असतं, फक्त बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं. इथं रेघ हवीच.

‘लोकली मेड’, ‘नॅचरली डाइड’ यांना मात्र रेघ नको. शेवटचा ‘ली’च सांगतो की हे क्रियाविशेषण आहे आणि पुढच्या शब्दाला लागतंय. (‘फॅमिली’च्या ‘ली’ला फसू नका. ते नाम, म्हणून ‘फॅमिली-रन शॉप’.) ‘हँडमेड’ तर आता एकच शब्द, तो तोडू नका.

पाट्यांवर सगळ्यात जास्त चुकतं ते आकड्यांपाशी. ‘फिफ्टी-इयर-ओल्ड शॉप’मध्ये रेघा दोन आणि ‘इयर’ एकवचनी. ‘द शॉप इज फिफ्टी इयर्स ओल्ड’ म्हटलं की रेघा जातात, ‘इयर्स’ येतं. टाचेचंही तसंच, ‘टू-इंच हील’, ‘इंचेस’ नाही.

कोल्हापुरी चपलेला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालंय, म्हणून ‘जीआय-टॅग्ड’ लिहायचा मोह होईल. रेघ बरोबर आहे, पण त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंदणी हवी.

टाइप करताना रेघेच्या आजूबाजूला जागा सोडू नका. सोडली की वर्ड तिची लांब रेघ करून टाकतं, आणि लांब रेघ शब्द जोडत नाही, तोडते. लेबल अरुंद असलं तर ‘हँड-’ वरच्या ओळीत आणि ‘स्टिच्ड’ खाली असं होतं. तिथं वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि हायफन एकदम दाबा, जोडी फुटत नाही.