इम्प्लांटची घाई करू नकोस

चि. मित्रास अनेक आशीर्वाद.

तू सोळा वर्षांचा आहेस, तोंडात एकूण अकरा दात आहेत, त्यांतले पाच दुधाचे. आणि इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू रोवून त्यावर बसवलेले कृत्रिम दात, आत्ताच बसवता येतील का, असे तू विचारले आहेस. माझे उत्तर ‘सध्या नको’ असे आहे, आणि त्यामागची कारणे तुला नीट कळावीत म्हणून सविस्तर लिहितो.

केस, नखे, घामाच्या ग्रंथी आणि दातांचे एनॅमल गर्भाच्या ज्या बाह्यस्तरापासून घडतात, त्याच्या घडणीतच तुला असलेल्या एक्टोडर्मल डिस्प्लेशिया या जन्मजात आजारात उणीव राहते. म्हणजे तुझे दात पडलेले नाहीत. त्यांचे अंकुरच धरले नाहीत. जिथे दात उगवत नाही, तिथे जबड्याचे हाडही पुरेसे भरत नाही, ते धारेसारखे अरुंद राहते, आणि इम्प्लांटला नेमकी तिथेच जागा कमी पडते. शिवाय इम्प्लांट हाडाला जखडलेला असल्यामुळे, वयाबरोबर जबडा वाढून शेजारचे दात सरकत असताना तो होता तिथेच राहतो आणि काही वर्षांत खाली बुडाल्यासारखा दिसू लागतो. खालच्या जबड्यात एकही दात नसलेल्या काही मुलांना पुढच्या भागात इम्प्लांट लवकर बसवतात, परंतु तो अपवाद तुला लागू होत नाही.

म्हणून त्या पाच दुधाच्या दातांना आज सर्वांत अधिक जप. त्यांच्याखाली कायमचे दात नसल्याचे ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे एकत्र दाखवणाऱ्या एक्स-रेमध्ये दिसते, त्यामुळे त्यांची मुळे सहसा सावकाश झिजतात. नीट राखले तर ते आणखी कित्येक वर्षे टिकू शकतात, आणि टिकतील तोवर त्या जागेचे हाड सांभाळतील. ‘दुधाचाच तर आहे’ असे म्हणून सुरुवातीच्या काळात मी एका मुलीचा असा दात काढला होता. पुढे तिथले हाड इतके बारीक झाले की इम्प्लांटआधी हाडाचे कलम करावे लागले, म्हणजे तिथे जादा हाड भरावे लागले. ती चूक मी विसरलेलो नाही.

वरच्या दोन टोकदार दातांची तुला लाज वाटते, हे मला ठाऊक आहे. त्यांना बाजूंनी कॉम्पोझिट या दाताच्या रंगाच्या भरण-पदार्थाचे थरावर थर चढवून पटाशीच्या दातांचा आकार देता येतो, आणि त्यासाठी दात फारसा घासावाही लागत नाही. एवढे काम आपण लगेच करू.

या आजारात लाळ कमी सुटू शकते, आणि लाळ कमी असली की कीड लवकर लागते. तेव्हा दोन वेळा फ्लोराइडच्या पेस्टने दात घास, मध्ये मध्ये पाण्याचे घोट घेत राहा, आणि दर तीन महिन्यांनी फ्लोराइडचे वार्निश लावून घे. कवळी रात्री काढून ठेव. ती सैल झाली तर सोसत बसू नकोस. जबडा वाढतो आहे, ती बदलावीच लागणार.

तुला घाम कमी येतो, म्हणून जास्त वेळ चालणाऱ्या कामासाठी सकाळची वेळ ठेवली आहे आणि खोली गार राहील. येताना जुनी कवळी आणि आधीचे सर्व एक्स-रे घेऊन ये. वाढ किती उरली आहे, ते आपण दोघे मिळून पाहू.

तुझा हितचिंतक