हार्पर्स फेरीला पहिल्यांदा जाताय ना, मग एवढं बघाच

अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियातल्या या जुन्या गावाचा मस्त बेत आहे, नक्की जा! गाडी व्हिजिटर सेंटरलाच लावा आणि शटलने खाली या, खालच्या गावात पार्किंग शोधण्यात सकाळ जाते.

बहुतेक जण जॉन ब्राऊनचा किल्ला बघून फोटो काढून परत फिरतात, तेवढ्यावर थांबू नका. ती खरं तर शस्त्रागाराची बंबखाना इमारत, १८५९ मध्ये गुलामगिरीविरुद्ध उठाव करताना जॉन ब्राऊन तिथेच पकडला गेला, आणि ही इमारत पार शिकागोच्या प्रदर्शनाला जाऊन आलीय!

मग चढ चढून स्टोरर कॉलेजच्या आवारात जाच. गुलामीतून सुटलेल्यांसाठी निघालेलं कॉलेज, १९०६ ला नायगारा चळवळीची, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या समान हक्कांसाठीच्या चळवळीची, सभा इथेच भरली. माझ्या मते गावाचा जीव इथे आहे.

मोठे ट्रेक पुढच्या वेळी.