सात नंबरचे 18

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

रविवारी तू आलीस, चहा गार होईपर्यंत कोर्सचं लॉगबुक, म्हणजे वॉर्डात काय काय केलं त्याची नोंदवही, मांडीवर धरून बसलीस आणि निघताना जिन्यात विचारलंस, "काकू, भरून टाकू का?" मी "बघू" म्हटलं. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. उत्तर मला तेव्हाच माहीत होतं, पण तुझी आई शेजारी उभी होती आणि फी भरून झालेल्या आईसमोर मला वाद नको होता. म्हणून आज लिहायला बसले.

केलं नाही ते लिहायचं नाही.

इंजेक्शनच्या वीस ओळी आहेत, तू दिलीस तीन, त्यातलं एक सरावाच्या पुतळ्याला. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालताना दारातून पाहिलंस. ईसीजीच्या वेळी तुला चहा सांगायला खाली पाठवलं. सर म्हणतात, परीक्षेला कोण उघडून बघतंय. बरोबरच्या मुलांनी एका बैठकीत, पेन बदलून बदलून, सगळं पुस्तक भरलं. पेन बदलायचं सुचतं, म्हणजे काय करतोय ते कळतंच की!

आता माझं ऐक. मी तेवीस वर्षांची होते, इंदुरातल्या रामबागेतून सायकलवर ड्यूटीला जायची. एक नर्सिंग होम होतं, नाव राहू दे. नाइटला एकवीस पेशंट आणि आम्ही दोघी, त्यातली एक लेबर रूममध्ये अडकलेली. चार्टवर दहा, दोन आणि सहाला ताप, नाडी, बीपी, श्वास. ताप-नाडी-बीपी मी खरंच घेत होते. श्वास मात्र सगळ्यांना मिनिटाला 18. सीनियरने पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, "साँस तो सब लेते हैं, अठारा लिख दे."

सात नंबरच्या खाटेवर महूचे एक गृहस्थ होते, निमोनियाचे, बोलायला फार गोड. दोन वाजता विचारलं तर म्हणाले, "कुछ नहीं बेटा, थोडी घबराहट है, पंखा तेज कर दे." मी पंखा वाढवला आणि 18 लिहिले. सकाळी डॉक्टर राउंडला आले, चार्ट पाहिला, खाटेशी उभे राहिले आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिले. पूर्ण एक मिनिट. मग म्हणाले, "छत्तीस." मला ओरडले नाहीत. चार्ट माझ्याकडे फिरवला आणि रात्रीच्या तीन अठरांवरून बोट नेलं, बस. गृहस्थांना मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. तिसऱ्या दिवशी गेले.

दोन वाजता मोजले असते तर वाचले असते का, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. एकवीस पेशंटला एक बाई, हे मी सबब म्हणून सांगत नाहीये. सांगतेच आहे खरं तर. इतकी वर्षं सांगत आले, कधी नवऱ्याला, कधी देवाला. पण एकवीस जणांचे श्वास मोजायला एकवीस मिनिटं लागतात, आणि त्या रात्री माझा दोनदा चहा झाला होता.

म्हणून नीट शीक. पेशंटला "श्वास मोजते" असं सांगायचं नाही, सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, नाडीच बघतोय असं भासवायचं आणि नजर छातीवर न्यायची. पांघरूण जाड असेल तर त्याचाच हात त्याच्या पोटावर ठेवायचा, तो हात वर-खाली होताना दिसतो. वर गेला, खाली आला, एक. पूर्ण मिनिट. मोठ्या माणसाला 12 ते 20 ठीक. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणाऱ्यांचं ऐकू नकोस, तिथे एक श्वास चुकला की कागदावर चार चुकतात. आणि गंमत बघ, चारने गुणून 16 येतील, 20 येतील, 18 कधीच येत नाहीत. तरी चार्टवर जिथे तिथे 18! कुठून येतात, ते तुला आता माहीत आहे.

बीपीचंही तेच. यंत्राच्या डायलवर खुणा दोन-दोनच्या असतात. परवा तू मला "125/85" म्हणालीस तेव्हा मी गप्प बसले, पण त्या डायलवर 125 वाचता येत नाही, पोरी. 124 किंवा 126. तू ते ऐकलं नव्हतंस, अंदाजलं होतंस. बरं, दंड जाड आणि त्याला गुंडाळायचा पट्टा, म्हणजे कफ, लहान असेल तर आकडा खोटाच वर जातो. हवा भसकन सोडली तर पहिला ठोका निसटतो, सेकंदाला एक खूण एवढ्याच वेगाने काटा उतरू द्यायचा. हे ठोके ऐकायला कोरोटकोव्ह नावाच्या रशियन डॉक्टरने 1905 मध्ये शिकवलं. आपल्या इंदुरात मेडिकल स्कूल सुरू झालं 1878 ला. म्हणजे पहिली सत्तावीस वर्षं इथे शिकणाऱ्यांना स्टेथोने बीपी ऐकणं माहीतच नव्हतं. बोटं आणि डोळे तेवढे होते. तुझ्याकडे सगळंच आहे, आणि तू अंदाज करतेस.

रागावले. असो.

तू म्हणशील, शिकवतच नाहीत तर करू काय? हे मात्र खरं आहे, त्यात तुझी चूक नाही. 2021 च्या कायद्यात सहायक आरोग्य व्यावसायिकांच्या डिग्री-डिप्लोमाला किमान 2000 तास सांगितलेत. पण तास कॉरिडॉरमध्ये बाकावर बसूनही भरतात. म्हणून वॉर्डात सकाळच्या ड्यूटीच्या आधी अर्धा तास जा. तेव्हा नाइटची सिस्टर दमलेली असते आणि तिला दोन हात हवेच असतात. "मला शिकवा" म्हणू नकोस, तिला वेळ नसतो. "सिस्टर, हे बीपी मी घेते, तुम्ही एकदा पडताळून बघा" असं म्हण. चार दिवसांत ती स्वतःहून बोलावेल. इंजेक्शन ती शेजारी उभी असतानाच द्यायचं, एकटीने नाही, पेशंट कितीही ओळखीचा असो. सुईला टोपण परत लावायचं नाही, सरळ पांढऱ्या डब्यात.

आणि लॉगबुक? त्या तीन ओळी भर. बाकीच्यांत जिथे पाहिलंस तिथे "पाहिले" लिही, सामान हातात दिलंस तिथे "मदत केली". उरलेल्या कोऱ्या ठेव. सर चिडतील. माझ्यावरही चिडायचे. दुसऱ्या एका ठिकाणी राहिलेले चार्ट "पूर्ण" करायला मी नाही म्हटलं आणि महिन्याभरात माझ्या नाइट दुप्पट झाल्या. शेवटी मीच सोडलं. घरात तेव्हा एक पगार होता, मुलगा दुसरीत होता, सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. नवरा म्हणाला, तुझ्या हट्टाची किंमत आम्ही का द्यावी? त्याचं चूक नव्हतं. मला अजूनही वाटतं की मी थोडं सांभाळून, गोड बोलून नाही म्हणू शकले असते. मला नाही जमलं. तू गोड बोल. पण नाही म्हण.

येत्या रविवारी ये, लॉगबुक घेऊन. सेकंदकाट्याचं घड्याळ आण, मोबाइल चालणार नाही. पोहे करते, जिलबी तू आण. माझं बीपी तूच घ्यायचंस, पण आल्याआल्या नाही, पाच मिनिटं मला शांत बसू दे, बोलायला लावू नकोस. आणि चहाच्या आधी घे, नाहीतर मग अर्धा तास थांबावं लागेल.

तुझी,
काकू