रेखांशाचं बक्षीस: हॅरिसनवर अन्याय झाला, पण मॅस्केलिनला खलनायक करू नका

धाग्यात तीन प्रश्न आलेत. अक्षांश ध्रुवताऱ्यावरून निघत होता, तर समुद्रावर रेखांशासाठीच एवढी मारामार का? एका सुताराने घड्याळ करून प्रश्न सोडवल्यावर खगोलज्ञ मॅस्केलिनने जळफळाटापोटी त्याचं बक्षीस अडवलं, हे खरं का? आणि यात मुंबईचा कुठे संबंध येतो का? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं ‘अर्धं खरं’ असं आहे आणि उरलेलं अर्धं फारसं कुणी सांगत नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे ४ मिनिटांना १ अंश. जहाजावर सूर्य माथ्यावर आला की तिथले बारा वाजले. त्या क्षणी लंडनला किती वाजलेत हे कळलं की फरकावरून रेखांश निघतो. अडचण इतकीच की आकाशात रेखांशाचा ध्रुवतारा नाही, दूरच्या गावची वेळ सोबत बाळगावी लागते. विषुववृत्तावर १ अंश म्हणजे १११ किलोमीटर. लंबकाचं घड्याळ हेलकावणाऱ्या जहाजावर निकामी, आणि खिशातली घड्याळं तेव्हा दिवसाला मिनिटभर सहज मागेपुढे व्हायची.

आपल्या किनाऱ्यावर येणाऱ्यांना हे एवढं जाचलं नाही, कारण इथला किनारा दक्षिणोत्तर पसरलाय. अरबस्तानातून निघालेलं गलबत ध्रुवाची उंची राखत पूर्वेला येई. अक्षांश बरोबर असला की बंदर सापडे, आणि जमीन जवळ आल्याची वर्दी पाण्यातले साप देत.

इंग्रजांना मात्र मोठा फटका बसला होता. १७०७ च्या ऑक्टोबरात ॲडमिरल क्लाउडस्ली शॉव्हेल यांचा ताफा इंग्लंडच्या नैऋत्येला असलेल्या सिली बेटांच्या खडकांवर गेला, चार जहाजं बुडाली आणि किमान चौदाशे माणसं मेली. (धोक्याची सूचना देणाऱ्या खलाशाला ॲडमिरलने फाशी दिली ही दंतकथा, ती सोडून द्या.) १७१४ मध्ये पार्लमेंटने कायदा केला: वेस्ट इंडीजपर्यंतच्या सफरीत अर्ध्या अंशाच्या आत रेखांश सांगेल त्याला २०,००० पौंड. अर्धा अंश म्हणजे २ मिनिटं. सहा आठवड्यांच्या सफरीत दिवसाला ३ सेकंदांचीही चूक चालणार नव्हती. आणखी एक अट होती, आणि पुढचं सगळं भांडण तिच्यावरून झालं: पद्धत समुद्रावर व्यवहारात चालणारी आणि उपयोगी हवी.

सूचनांना तोटा नव्हता. व्हिस्टन आणि डिटन या दोन गणितज्ञांचं म्हणणं, महासागरात ठरावीक अंतरावर जहाजं नांगरून ठेवा आणि मध्यरात्री आकाशात गोळे उडवा. नांगर तळाला पोचणार कसा, ते विचारू नका. गॅलिलिओने सुचवलेली गुरूच्या चंद्रांची पद्धत (त्यांच्या ग्रहणांवरून वेळ काढायची) जमिनीवर उत्तम चालली, पण डोलत्या डेकवरून दुर्बिणीत गुरू ठरत नाही. बक्षीस ठरवणाऱ्या रेखांश मंडळाची पहिली बैठक भरली ती १७३७ मध्ये, म्हणजे कायद्यानंतर २३ वर्षांनी!

ती बैठक जॉन हॅरिसनसाठी होती. यॉर्कशरमध्ये जन्मलेला हा सुतार लाकडी घड्याळं करायचा, आणि चाकांच्या काही भागांना असं तेलकट लाकूड वापरायचा की वंगण घालावंच लागू नये. त्याचं पहिलं सागरी घड्याळ १७३६ मध्ये लिस्बनला जाऊन आलं. परतीच्या वाटेवर किनारा दिसला तेव्हा अधिकारी म्हणाले स्टार्ट पॉइंट, हॅरिसन म्हणाला लिझर्ड (दोन्ही इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरची टोकं). लिझर्डच निघालं. मंडळ खूश होतं, पण हॅरिसनने स्वतःच आपल्या घड्याळातले दोष सांगितले आणि दुसरं करायला ५०० पौंड मागितले. तिसऱ्या घड्याळात तर त्याची १९ वर्षं गेली. तापमानाने चाल बदलू नये म्हणून त्याने पितळ आणि पोलाद जोडून एक पट्टी केली. तशीच पट्टी जुन्या इस्त्रीच्या थर्मोस्टॅटमध्ये सापडेल. म्हणजे या उशिरातला बराच वाटा त्याच्या स्वतःच्या चोखंदळपणाचा होता.

१७५९ चं चौथं घड्याळ मात्र अद्भुतच. व्यास १३ सेंटीमीटर, वजन दीड किलोच्या आत, सेकंदाला पाच ठोके. जमैकाच्या सफरीत ८१ दिवसांत ते फक्त ५ सेकंद चुकलं, अर्थात त्याच्या रोजच्या मंदगतीचा हिशेब धरून. इथे मंडळाने शंका काढली: तो हिशेब आधी ठरला होता का? आणि जमैकाचा रेखांश तरी पक्का ठाऊक आहे का? शंका चिडवणारी असली तरी खोटी नव्हती. म्हणून १७६४ ला बार्बाडोसची दुसरी परीक्षा झाली. तिथला रेखांश आधी गुरूच्या चंद्रांवरून नक्की केला गेला, आणि त्यासाठी गेलेल्यांत नेव्हिल मॅस्केलिन होते. घड्याळ ३९ सेकंद चुकलं. अर्ध्या अंशाला मुभा होती १२० सेकंदांची.

आता मॅस्केलिनची पद्धत: चंद्रालाच घड्याळाचा काटा मानायचं. चंद्र ताऱ्यांमधून तासाला साधारण अर्धा अंश, म्हणजे स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. एक जण सेक्स्टंटने (कोन मोजायच्या यंत्राने) चंद्र आणि तारा यांच्यातलं अंतर मोजणार, दोघं जण दोघांची क्षितिजापासूनची उंची घेणार, चौथा वेळ टिपणार. मग वातावरणामुळे होणारं किरणांचं वक्रीभवन आणि लंबन (पाहणाऱ्याच्या जागेमुळे चंद्र सरकलेला दिसणं) वजा करून कोष्टकाशी ताडायचं. अंतर मोजताना १ कला (अंशाचा साठावा भाग) चुकलात तर वेळ २ मिनिटं चुकली, रेखांश अर्धा अंश. अमावास्येच्या आसपास सगळंच बंद. तरी ही गोष्ट कुठल्याही जहाजाला जमण्यासारखी होती, कारण १७६७ पासूनच्या नॉटिकल अल्मनॅकमध्ये, म्हणजे खलाशांच्या पंचांगात, मॅस्केलिनने लंडनजवळच्या ग्रिनिच वेधशाळेच्या वेळेनुसार दर तीन तासांची चंद्र-ताऱ्यांमधली अंतरं छापायला सुरुवात केली. आकडेमोड करणारे गणक इंग्लंडभर आपापल्या घरी बसून काम करत.

हॅरिसनचं घड्याळ एकच होतं. ते दुसऱ्या कुणाला करता येईल का, हा प्रश्न मंडळाने विचारला तो माझ्या मते योग्यच. लार्कम केंडॉल या घड्याळजीने हुबेहूब नक्कल केली, तिला ४५० पौंड लागले. तीच नक्कल घेऊन कॅप्टन कुक १७७२ मध्ये दुसऱ्या सफरीवर गेला आणि तिच्यावर बेहद्द खूश झाला. पण एवढ्या पैशात नौदलातल्या प्रत्येक जहाजाला घड्याळ कोण देणार? स्वस्त आणि भरवशाची सागरी घड्याळं पुढे अर्नोल्ड आणि अर्नशॉ या घड्याळजींनी केली, त्यांची आतली रचनाही वेगळी होती. तोवर बहुतेक कप्तानांची भिस्त चंद्रावरच राहिली.

आता अन्यायाचं. १७६५ मध्ये खेळ सुरू असताना नियम बदलले: निम्मे १०,००० पौंड घड्याळाची रचना उघड केल्यावर, उरलेले दुसऱ्यांनी तसं घड्याळ केल्यावर. त्याच वर्षी मॅस्केलिन राजखगोलज्ञ (ग्रिनिच वेधशाळेचे प्रमुख) झाले आणि पदामुळे मंडळावर आले. म्हणजे प्रतिस्पर्धी पद्धतीचा माणूस परीक्षक. हॅरिसनचं चौथं घड्याळ ग्रिनिचला त्यांच्याच देखरेखीखाली तपासलं गेलं आणि नापास झालं. हे व्हायला नको होतं, त्यांनी स्वतःहून बाजूला व्हायला हवं होतं. अखेर राजा तिसऱ्या जॉर्जने लक्ष घातलं आणि १७७३ मध्ये पार्लमेंटने हॅरिसनला ८,७५० पौंड दिले. तेव्हा तो ऐंशीचा होता. मूळ बक्षीस मात्र रीतसर कुणालाच मिळालं नाही.

राहिला मुंबईचा प्रश्न. कितीही चांगलं सागरी घड्याळ असलं तरी बंदरात आल्यावर ते खऱ्या वेळेशी लावून त्याची रोजची चाल तपासावी लागते, आणि त्यासाठी बंदराजवळ तारे बघून वेळ ठरवणारं कुणीतरी हवं. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा काढली त्यामागे हेच प्रमुख काम होतं. हवामान आणि चुंबकत्वाच्या नोंदींसाठी ती पुढे जास्त गाजली, पण ते नंतरचं.